विहीणबाईंचं इंग्रजी

मेसेज आला तेव्हा मी गॅलरीत बसून तांदूळ निवडत होते. सकाळचे साडेआठ झाले असतील. ताट मांडीवर होतं आणि फोन शेजारच्या स्टुलावर. विनायकचा मेसेज होता. विनायक म्हणजे माझ्या जावयाचा चुलतभाऊ, आमगावकडच्या गावात राहून घरची शेती बघणारा. रोमन अक्षरांत चारच शब्द लिहिले होते… काकू एक्स्पायर्ड टुडे मॉर्निंग. काकू म्हणजे देवकाबाई, माझ्या मेधाच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. मेसेज वाचला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की 'टुडे मॉर्निंग' चूक आहे, 'धिस मॉर्निंग' हवं. खरं सांगते, हाच विचार आला. लिहिताना लाज वाटते, पण दुसरं काही सांगितलं तर ते खोटं होईल. चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. माणूस गेल्याची बातमी असो की सहामाहीचा पेपर, माझी नजर आधी चुकीवर जाते. मेधाला तिकडे कॅनडात कळवायचं होतं. विनायकचा मेसेज तसाच पुढे पाठवता आला असता. मी तो पाठवला नाही. नवा लिहिला, 'धिस मॉर्निंग' असा, दुरुस्त करून. मग ताट पुन्हा मांडीवर घेतलं आणि उरलेले खडे काढून संपवले. ऑटो बोलवायचा, गावी निघायचं, हे सगळं मला त्यानंतर सुचलं.

आता पाच आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही. शेजारच्या बायका म्हणतात, मोकळ्या व्हा. काय मोकळं व्हायचं ते कळत नाही. आतून सगळं जागच्या जागी आहे, फक्त त्याला हात लावला तर काही वाटत नाही, एवढंच. म्हणून लिहायला बसले आहे. लिहिताना तरी काही हलतं का ते बघू.

देवकाबाई सातवीपर्यंत शिकल्या होत्या. आमगावपासून सहा-सात किलोमीटर आत त्यांचं गाव, गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. घरात पोवारी बोलत, गावात झाडीबोली, आणि गोंदियाला आल्या की ऑटोवाल्याशी हिंदी. तीन भाषा त्या एकाच पिशवीत घेऊन हिंडायच्या आणि लागेल ती काढायच्या. नवरा लवकर गेला, एकुलत्या एका मुलाला, नितीनला, त्यांनी इंजिनीअर केलं. त्याचं आणि मेधाचं लग्न ठरलं तेव्हा मी जरा नाखूशच होते. लग्नात आमचं बोलणं मानपान, जेवणाची पंगत, याच्यापलीकडे गेलं नाही. त्या मला 'मॅडम' म्हणायच्या आणि दोन पावलं लांब बसायच्या. पुढे मुलं कॅनडाला गेली, तिकडेच विहान झाला, आणि इकडे आम्ही दोन बायका उरलो. मी गोंदियात एकटी, त्या गावात एकट्या. तरीही एकमेकींकडे जाणंयेणं नव्हतंच.

ते सुरू झालं विहानमुळे. पोरगं तीन वर्षांचं होईपर्यंत मराठी बोलायचं. शाळेत गेलं आणि सहा महिन्यांत मराठी विसरलं. दर रविवारी संध्याकाळी सगळ्यांचा एकत्र व्हिडिओ कॉल असायचा. विहान मला नानी म्हणायचा आणि देवकाबाईंना आजी. तो काहीतरी भडाभडा सांगायचा, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, देवकाबाई नुसत्या हसायच्या आणि 'यस, यस' म्हणायच्या. एकदा त्याने आईला विचारलं, "आजी फक्त यसच का म्हणते?" विचारलं इंग्रजीतच. शब्द त्यांना कळले नसतील, पण आम्हा तिघांचे चेहरे कसे झाले ते त्यांनी पाहिलं. त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारच्या गाडीने त्या गोंदियाला आल्या. हातातल्या पिशवीत दोन किलो चिन्नोर तांदूळ आणि लाखोरीची डाळ. पाणी प्यायल्या आणि सरळ म्हणाल्या, "इहीनबाई, मले इंग्रजी शिकवा. नाती बोलते अन् मी बहिरी होऊन राहिली." नाती म्हणजे नातू. मॅडमची विहीणबाई झाले ती त्या दिवशी.

मग दर मंगळवार. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली… चार रेघांची वही, अ‍ॅम-इज-आर, एकवचन-अनेकवचन. चौतीस वर्षांत हजारो मुलांनी माझ्यासमोर माना खाली घालून ते लिहून घेतलं होतं. देवकाबाई मान खाली घालत नसत. त्या विचारायच्या, "काऊन?" नाइफच्या स्पेलिंगपाशी पहिला खटका उडाला. "हा के बोलाचा नाई तं लिवाचा कायले?" मी सांगितलं, फार पूर्वी तिकडचे लोक तो उच्चारत होते, नंतर उच्चार गेला, अक्षर राहिलं. त्यांना एकदम आनंद झाला. "मंजे त्यायचं बी गेलंच का जी! आमचा बाणातला ण गेला, डोळ्यातला ळ गेला. शाळेत मास्तर छडी मारे, बाण म्हण बाण, मी म्हणो बान. अन् त्या साहेब लोकायचा के गेला तं त्यायले कोनी छडी नाई मारली?" मग थोडा वेळ त्या के कडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मानूस मेला तरी राशनकार्डावर नाव राहते, तसा होऊन राहिला हा." मी हसले नाही तेव्हा. शिक्षिकेसारखी म्हणाले, पुढे लिहा.

असं कितीतरी. काका, मामा, मावसा, फुफाजी या सगळ्यांना इंग्रजीत अंकल म्हणतात हे कळलं तेव्हा त्यांना त्या देशाची कीव आली. "लगनात कोनाले कोनतं पागोटं देत असतील जी?" मग त्यांनी विचारलं, विहीणबाईला काय म्हणतात? मी म्हटलं, शब्दच नाही. मुलीच्या सासूला 'मुलीची सासू' असं लांबलचक सांगावं लागतं. त्या वही मिटून बसल्या. "मंग त्यायच्याकडं पोरीचं लगन झालं का दोन्ही घरच्या बाया बोलत नाईत का एकमेकीसंग?" मी चौतीस वर्षं ती भाषा शिकवली, तिच्यावर पोट भरलं, आणि ती आमच्या दोघींच्या नात्याला नाव देत नाही हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तसंच 'यू'चं. विहान आजीलाही यू म्हणतो आणि शेजारच्या कुत्र्यालाही यू, हे त्यांना खटकलं होतं. मी सांगितलं, आपल्या 'तू'सारखा एक शब्द तिकडेही होता, तो वापरातून गेला. यू हा मुळात मानाचा, 'तुम्ही'सारखा, तोच सगळ्यांसाठी उरला. "मंजे सारेच तुमी झाले?" "हो." "कुत्र्याले बी तुमी?" "हो." "बेस झालं," त्या म्हणाल्या, "आपल्याकडं आदमी बायकोले तरी म्हणते का?"

आणि टुडे मॉर्निंग. त्यावर तर आम्ही दोन मंगळवार भांडलो. यस्टरडे मॉर्निंग बरोबर, टुमॉरो मॉर्निंग बरोबर, मग टुडे मॉर्निंग चूक का? "काल सकारी चालते, उद्या सकारी चालते, आज सकारीनंच कोनाचं का बिघडवलं?" मी म्हटलं, तसा प्रघात आहे. प्रघात म्हणजे काय हे त्यांना कळलं, पण पटलं नाही. मला उत्तर येत नव्हतं. आजही येत नाही. त्यांच्या गावात सगळे असंच लिहितात, आपल्या अर्ध्या देशात असंच लिहितात. मी मात्र प्रत्येक वहीत ते खोडत आले. एकदा मेधाने फोनवर सहज सांगितलं, की मी आयुष्यभर चूक ठरवलेला 'प्रीपोन' हा आपल्याकडचा शब्द तिकडच्या मोठ्या शब्दकोशात घेतला आहे. मी ते देवकाबाईंना सांगितलं. लपवायचा विचार आला होता, पण सांगितलं. त्यांनी शब्दाचा अर्थ समजून घेतला, पोस्टपोनच्या उलटा, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "तं मंग त्या पोरायचे मार्क वापस करा ना जी."

मी त्यांना शिकवत होते, आणि इंग्रजीची मजा त्या घेत होत्या. मला ही गोष्ट खुपायला लागली होती, हे आता लिहिलं पाहिजे. आणखी एक गोष्ट खुपत होती. विहान रविवारी पडद्यासमोर आला की आधी विचारायचा, "व्हेअर इज आजी?" माझं इंग्रजी स्वच्छ. मी त्याला गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवायचे. तो म्हणायचा, "मी अ‍ॅण्ड जेकब वेन्ट," की मी म्हणायचे, "जेकब अ‍ॅण्ड आय." हाऊ आर यू विचारलं की तो म्हणायचा, "आय अ‍ॅम गुड," मी म्हणायचे, "फाइन म्हणावं." तिसऱ्या-चौथ्या दुरुस्तीला तो खुर्चीवरून उतरून निघून जायचा. देवकाबाईंचे दहा शब्द, त्यातले सहा चूक, पण त्यांच्यासमोर तो अर्धा तास बसायचा.

त्याच्या सहाव्या वाढदिवसाची गोष्ट. पावसाळा होता, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली होती. केक कापायच्या वेळी सगळे पडद्यावर. नितीनचे दोन मित्रही सहकुटुंब आले होते. देवकाबाईंनी त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. त्यांनी एक लहानसं भाषण तयार केलं होतं, मला न सांगता, माझ्या मदतीशिवाय. त्या सुरू झाल्या. "विहान, टुडे युवर डे. आय अ‍ॅम मेकिंग राइस. धिस राइस इज व्हेरी ईटिंग गुड." मी मध्येच बोलले. "गुड टू ईट." त्या थांबल्या. म्हणाल्या, "गुड टू ईट. यू कम. आय विल गिव्ह इन युवर माउथ." मी पुन्हा. "फीड. आय विल फीड यू." सगळे हसले. वाईट नाही हसले, गंमत म्हणून हसले. विहानही हसला आणि माझ्यासारखा आवाज काढून ओरडला, "फीड! फीड यू!" देवकाबाई पडद्यावर दिसत होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "यस."

त्यानंतरच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. रोवणी चालू आहे, असा निरोप आला. पुढच्या मंगळवारीही रोवणी. रोवणी संपली तरी आल्या नाहीत. रविवारी पडद्यावर त्या असायच्या, हसायच्या, यस म्हणायच्या. मला कळत होतं. चौतीस वर्षं मास्तरकी केली, मूल हात वर करायचं का थांबतं हे मला कळत नाही असं कसं होईल? पण मी फोन केला नाही. मी स्वतःला सांगत राहिले की चूक ती चूक, मी काही खोटं बोलले नव्हते. असे चार महिने गेले.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी ऑटो केला आणि त्यांच्या गावी गेले. का गेले ते धड सांगता येणार नाही. मंगळवार होता, आणि घरात डाळीचा डबा रिकामा झाला होता, बहुतेक तेवढंच. पोचायला पाच वाजत आले. धान कापणीला आलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं. फाटक उघडंच होतं. आतून देवकाबाईंचा आवाज आला आणि मी भिंतीआड थांबले. त्या इंग्रजी बोलत होत्या. मोठ्यांदा, न अडखळता, सगळं चूक.

"अगेन सीरियल? यस्टरडे सीरियल, टुडे सीरियल. युवर मदर इज नॉट हॅविंग हँड्स?"

पलीकडून विहानचं खळखळून हसणं ऐकू आलं. तिकडे सकाळ होती, शाळेत जायच्या आधीची. मला हे माहीतच नव्हतं. रोज पाच वाजता त्यांचा दोघांचा वेगळा फोन होत होता, गेले चार महिने. आम्हा कोणाला त्याची खबर नव्हती, फक्त मेधाला होती. त्या त्याला सारसांची गोष्ट सांगत होत्या. "टू बर्ड्स केम इन माय फील्ड. बिग. लाइक यू. नो, मोर बिग. दे आर हसबंड-वाइफ. वन इज डायिंग, देन अदर वन इज नॉट ईटिंग."

"फॉर हाऊ लाँग?" विहानने विचारलं.

"मेनी डेज."

"अ‍ॅण्ड देन?"

"देन…" त्या विचार करत थांबल्या. आणि तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा मिटला. वर्गात बोलणाऱ्या पोराने मागे वळून पाहावं आणि दारात मास्तरीण दिसावी, तसा. "उद्या गोठ सांगतो बापा," असं काहीतरी त्या फोनमध्ये पुटपुटल्या आणि फोन बंद केला.

मी म्हटलं, "बोला ना. मी काही ऐकत नाही."

"तुमी आयकता ना जी," त्या म्हणाल्या, "तोच तं वांदा आहे. तुमी चुका आयकता. पोट्टा गोठ आयकते."

गोठ म्हणजे गोष्ट. त्या रागाने बोलल्या नाहीत. कुठल्या बांधीत पाणी जास्त आहे हे सांगावं तसं सांगितलं. मी अंगणात उभी होते, हातात पर्स. मी म्हटलं, "माझं चुकलं, देवकाबाई." कोणाला हे वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही, ना नवऱ्याला, ना मुलीला. त्यांनी ते ऐकून घेतलं. नाही नाही, असं कसं, वगैरे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हो. चुकलंच तुमचं." आणि मग, "बसा. भात टाकतो." मी त्या दिवशी तिथेच जेवले. परत निघताना त्यांनी डाळ बांधून दिली. मी डब्याबद्दल काही बोलले नव्हते.

मंगळवार पुन्हा सुरू झाले, पण वही परत आली नाही. आता त्या नुसत्या गप्पा मारायला यायच्या, आणि मधल्या दिवसांत फोन. रस्त्यावर, औषधावर, बिस्किटाच्या पुड्यावर जे इंग्रजी दिसेल ते त्या वाचायच्या आणि मला विचारायच्या. एकदा विहानने त्यांना ओकेच्या जागी नुसता के लिहून पाठवला. "नाइफमंधी हा गुमसुम बसते," त्या म्हणाल्या, "अन् इथं पहा, एकटाच साऱ्यायचं काम करून राहिला." विनायकच्या मुलीने त्यांना शिकवलं की हल्ली 'सिक' म्हणजे आजारीच नव्हे, झकासलाही सिक म्हणतात. त्यावर त्यांनी विहानला भाताच्या ताटाचा फोटो पाठवून खाली लिहिलं, सिक राइस. मी तो रविवारी पाहिला आणि मला हसू आलं. खरंच हसू आलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या ओठांवर दुरुस्ती आली होती, पण दुरुस्त करायचं काय होतं? सगळं बरोबरच होतं.

एकदा त्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. त्यावरची एक्स्पायरीची तारीख दाखवून म्हणाल्या, "गोरी बी एक्स्पायर होते अन् मानूस बी एक्स्पायर होते. मानसाची तारीख कोन छापते?" मी सांगितलं, त्या शब्दाचा मूळ अर्थ श्वास बाहेर टाकणं. शेवटचा श्वास बाहेर गेला की माणूस एक्स्पायर. "अन् आत घेतला का?" "इन्स्पायर." मी त्याचा आजचा अर्थही सांगितला, उमेद देणं, काहीतरी सुचवणं. त्यांनी दोन्ही शब्द हळूहळू म्हणून पाहिले, एक श्वास घेत, एक सोडत. पट्टी पुन्हा पिशवीत टाकली. गोळ्या त्या नियमित घेत होत्या का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. शब्दाच्या नादात ते राहून गेलं.

शेवटचं आम्ही काय बोललो ते मला आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं. जवसाच्या चटणीबद्दल काहीतरी असावं. त्या सकाळी त्यांनी अंगणात सडा टाकला, बादली भिंतीशी ठेवली, ओट्यावर बसल्या आणि तिथेच गेल्या. विनायकची बायको चहा घेऊन आली तेव्हा कळलं. मी पोचले तेव्हा अंगण ओलं नव्हतं, वाळलं होतं. बायका जमल्या होत्या. नितीन विमानाच्या तिकिटामागे लागला होता. तो तिसऱ्या दिवशी पोचणार होता, म्हणून विनायकनेच सगळं केलं. दुपारी सगळे तलावाकडून परत आले. मी ओट्यावर बसून होते. साडेचारच्या सुमाराला मेधाचा फोन आला. "आई, विहान उठलाय. आता पाचला आजीचा फोन येईल म्हणून बसलाय टेबलापाशी. मला नाही जमत. नितीनलाही नाही जमलं. तू सांग ना त्याला. इंग्रजीत तू नीट सांगशील."

पाच वाजता मी फोन लावला. चौतीस वर्षांचं माझं सगळं इंग्रजी माझ्यापाशी होतं. पास्ड अवे होतं, नो मोर होतं, लेफ्ट अस होतं, लॉस्ट होतं. एकही शब्द त्या पोराच्या तोंडासमोर धरावासा वाटेना. पडद्यावर त्याची वाटी दिसत होती. "नानी?" तो म्हणाला, "व्हेअर इज आजी?"

"आजी डाइड, विहान," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या मागे, ओट्याकडे. तिथे कोणीतरी दिसेल असं वाटलं असावं.

"ओके," तो म्हणाला.

एवढंच. मेधाने फोन घेतला. माझ्यासारखंच झालं असावं त्याला; ऐकू आलं, अर्थ कळला, आणि पुढे काही झालं नाही.

नितीन आला, तेरा दिवस राहिला, आणि परत गेला. मेधा आणि विहान आले नाहीत, शाळा होती. नितीनने जाताना घराची किल्ली विनायककडे दिली. मला विचारलं, "आई, तुम्हाला काही हवंय का आईचं?" मी नको म्हटलं. नंतरचे रविवार आले तसे गेले. मेधा बोलायची, मी बोलायचे, विहान मागे खेळत असायचा. व्हेअर इज आजी हे त्याने पुन्हा विचारलं नाही. मंगळवारी दुपारची गाडी यायच्या वेळेला मी घरातच असते. कुठे जायचं टाळते असं नाही, पण जात नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी फोन वाजला. पाच वाजले होते. मेधा असेल म्हणून उचलला तर विहान. एकटाच. समोर वाटी, हातात चमचा. काही वेळ तो खात राहिला. मग सांगायला लागला… शाळेत काहीतरी झालं होतं, मी अ‍ॅण्ड जेकब मैदानात गेलो, बर्फाखाली एक हातमोजा सापडला, कोणाचा ते कळेना. मला चुका ऐकू आल्याच. माझे कान आता या वयात बदलणार नाहीत. पण मी विचारलं, "अ‍ॅण्ड देन?" तो सांगत गेला. बरंच सांगितलं. मग घड्याळाकडे पाहून म्हणाला, "ओके नानी. कीप?"

मला कळलं नाही. "कीप व्हॉट?"

"द फोन." मी किती मठ्ठ आहे असा त्याचा चेहरा झाला होता. "यू से कीप. देन आय से कीप. देन वी स्टॉप."

"हे तुला कोणी सांगितलं?" मी इंग्रजीत विचारलं.

"आजीने. फोन संपवताना असंच म्हणतात."

फोन ठेवू का… ठेवतो बापा फोन. आपण फोन ठेवतो. त्यांनी ते उचलून जसंच्या तसं त्याच्या हातात दिलं होतं, आणि त्याला ते इंग्रजीच वाटलं होतं. त्याच्या शाळेत, त्याच्या घरी, त्या अख्ख्या देशात कोणी असं म्हणत नाही. मला हे माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी तो शब्द काढलाच नसता.

"नानी," तो म्हणाला, "यू हॅव टू से इट फर्स्ट."

मी तोंड उघडलं. 'की'पर्यंत आले आणि थांबले. चष्मा काढून पदराने पुसला.

"थांब जरा," मी मराठीत म्हटलं.

त्याला थांब कळतं की नाही, मला ठाऊक नाही. पण तो थांबला. वाटीवर चमच्याचा आवाज येत राहिला.